दोन कड्यांचा रिमोट

भातसानगरच्या क्वार्टरमध्ये आमच्याकडे व्हिडिओ गेम आला, तेव्हा त्याच्याबरोबर रिमोट एकच आला. बाबा धरणावर नोकरीला होते. कल्याणहून कुणाचा तरी वापरलेला गेमचा डबा त्यांनी पिशवीत घालून आणला आणि रिमोट खाली ठेवला. ताई आणि मी एकदमच त्याच्यावर झडप घातली. बाबांनी तो आमच्या हातातून काढून उलटसुलट पाहिला. दोन बाजूंना दोन मुठी होत्या. गावच्या लग्नात भाताचा मोठा टोप असतो, त्याला दोन कड्या असतात आणि तो दोघांनी उचलायचा असतो. बाबांनी तोच नियम इथे लावला. "दोन कड्या हायत, तं दोघींनी धरा. भांडता कशाला?"

ताईने डावी बाजू धरली, मी उजवी. डावीकडे बाण होते, म्हणजे वळवणं तिच्याकडे. उजवीकडे बटणं, म्हणजे पळवणं आणि ब्रेक माझ्याकडे. गेम होता मालाच्या ट्रकचा. घाट ओलांडून माल पोचवायचा, एवढंच काम. आम्ही एकमेकींना चिकटून बसायचो. ताई ओरडायची, "ब्रेक गो, ब्रेक!" तोवर ट्रक नदीत गेलेला असायचा. शेवटच्या घाटात वळण संपताच मधली फळी निघालेला एक लाकडी पूल लागायचा. तो आमच्याने कधी पार झाला नाही.

आपलं काही चुकतंय अशी शंकासुद्धा आम्हाला आली नाही. मे महिन्यात कल्याणचा आतेभाऊ आला. त्याने रिमोट दोन्ही हातांत घेतला आणि एकट्यानेच ट्रक पुलापलीकडे नेला. तो जिंकला असं आम्हाला वाटलंच नाही. हावरट वाटला. ताई तर तो परत जाईपर्यंत त्याच्याशी बोलली नाही.

पुढे ताई लग्न होऊन वैशाखऱ्याला गेली, आमचा डबा बिघडला, आणि गेम बनवणाऱ्या कंपनीनेही तो सोडून दिला. मी आता वाशिंदला राहते, नोकरी करते, आणि या वयातही गेम खेळते. ऑफिसात हे कुणाला सांगत नाही. कंपनीवरचा माझा राग मात्र कधी उतरला नव्हता. गेमच्या शेवटच्या भागात त्यांनी काय करावं? ट्रक ड्रायव्हरच्या हातात बंदूक दिली! जगातली सगळी गिऱ्हाइकं एकदम पकडायची होती त्यांना. जुने खेळणारे वैतागून गेले, नवे काही आले नाहीत, बनवणारे कंपनी सोडून गेले. तेवढ्याच मेहनतीत दुसरा गेम जास्त खपत असेल तर हा कोण सांभाळणार? मग हा राहिला पडून.

आणि मग अचानक फोनवर बातमी वाचली की तो ट्रकचा गेम परत येतोय. का परत येतोय, तेही मला कळत होतं. तेव्हाची पोरं आता कमावती झालीत, आणि लोकांच्या तोंडी असलेल्या नावाची पुन्हा ओळख करून द्यावी लागत नाही. एवढं सगळं कळत असूनही मी स्वयंपाकघरात अशी किंचाळले की गॅसवरचं दूध उतू गेलं. ते पुसायच्या आधी ताईला फोन लावला.

"बंद का केलेला त्यांनी?" तिने विचारलं.

"खप नव्हता."

"आनि आता?"

"आता लोकांना आठवण येतेय."

"म्हंजे आमच्या तांबड्या भातासारखं," ताई म्हणाली. त्यांच्याकडचा तो भात उंच वाढून आडवा पडायचा, पिकायचाही कमी, म्हणून सगळ्यांनी टाकून दिला. आता माळशेजला जाणारे लोक रस्त्यावर गाड्या थांबवून तोच तांदूळ मागतात, म्हणून तिने तो परत लावला होता. "पन परत लावायचा तं त्याचं बी कुनीतरी राखलेलं पायजे. त्यांनी राखलंय का?"

जुनं बनवणारं तिथे आता कुणीच नव्हतं. गोणीवर नाव तेच आणि आत तांदूळ भलताच, असं झालं तर? पण खरं सांगायचं तर मला भीती गेमची नव्हती, ताईची होती. आमचं बोलणं हल्ली पोरांची आजारपणं आणि पाहुण्यांच्या खबरा यांवरच संपायचं. ती गेम बघून कौतुकाने हसेल आणि भाकऱ्या थापायला उठून जाईल, असं मला सारखं वाटायचं.

गेम बाजारात आला आणि दिवाळीत सगळं सामान घेऊन मी वैशाखऱ्याला गेले. मुद्दाम दोन रिमोट नेले. ताईच्या टीव्हीला मशीन जोडलं आणि एक रिमोट तिच्या हातात दिला. तिने तो बाबांसारखाच उलटसुलट पाहिला.

"ह्यो कुनाचा?"

"तुझा. आता एकेकीला एकेक."

"एकटीनं दोन कड्या कशा धरू?" असं म्हणून तिने तो बाजूला ठेवला, मला ढकलून जागा केली आणि माझ्याच रिमोटची डावी बाजू धरली.

मला इतका आनंद झाला की पहिल्याच वळणावर ब्रेक मारायचा राहिला. आणि माझं बोट एकटीने खेळायला सोकावलेलं. ताई ओरडली, "ब्रेक गो, ब्रेक!" ट्रक नदीत! आम्ही हसून हसून लोळलो. आमटी आटत आली होती, पण उठायला कुणी तयार नव्हतं.

बऱ्याच वेळाने शेवटचा घाट आला. वळण संपलं आणि समोर तोच पूल होता, मधली फळी निघालेली.

"राखलंय गो बी!" ताई ओरडली.

तिने वळवलं, मी दाबलं, आणि ट्रक पलीकडे गेला. मला वाटलं, आता ती उठेल. तिने घामेजलेला हात पदराला पुसला, पुन्हा डावी कडी धरली आणि म्हणाली, "परत. पयल्यापासून."