लांब लेन्स आणि पल्लवीचं साक्षगंध

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. हा किस्सा मी ज्याला ज्याला सांगितला, त्याचा चहा थंड झाला आणि माझी इज्जत गेली. तरी सांगतो. तुम्ही फार तर इथं हसाल. भिलाईत आमच्या सेक्टर दहाचे लोक तर अजूनही मला कॅमेऱ्यासोबत बघितलं की घराचं फाटक लावून घेतात.

त्याचं झालं असं, की मला कॅमेऱ्याचं वेड लागलं. मी इथल्या स्टील प्लांटात क्रेन चालवतो. ड्यूटी सुटली की मोबाइलवर कॅमेऱ्यांचेच व्हिडिओ बघायचो. कोणता सेन्सर चांगला, कोणती लेन्स घ्यावी, हात हलला तरी चित्र कसं हलत नाही. होता होता मला सगळंच कळायला लागलं. फक्त कॅमेरा तेवढा नव्हता.

अशातच माझ्या भाचीचं, पल्लवीचं, साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं. पल्लवी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीची एकुलती एक पोरगी. ताईचं क्वार्टरही सेक्टर दहातच. भाऊजींनी शूटिंगवाला ठरवल्याचं ऐकलं आणि मी तडक ताईकडं गेलो.

"ताई, त्याले नाही म्हन. शूटिंग मी करतो."

"तुले येते का?"

"मले नाही येनार तं कोनाले येईन?"

ताईनं हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "दिन्या, आमच्या लग्नात फोटोवाल्याचा रोल खराब निघाला. माह्याजवळ माह्या लग्नाचा एक फोटो नाही. पोरीच्या वेळेस मले बाकी काही नको. अंगठी घालताना तिचा हात दिसला पाहिजे आनं तोंडही दिसलं पाहिजे. तेवढं घेशीन ना?"

मी तिथंच उभ्या उभ्या शूटिंगवाल्याला फोन लावला आणि त्याला नको म्हणून टाकलं. आता बोला, याच्याहून मोठा शब्द कुणी काय देणार?

दुसऱ्या दिवशी सिविक सेंटरच्या एका दुकानात गेलो. दुकानदार मोठा सभ्य माणूस.

"क्या शूट करना है भैया?"

"भांजी की सगाई."

त्यानं चहाच्या ग्लासाएवढी एक लेन्स काढून समोर ठेवली. मला हसूच आलं. मागच्या काचेच्या कपाटात हातभर लांब, पांढरी शुभ्र लेन्स दिसत होती. मी तिच्याकडं बोट केलं.

"भैया, वो तो मरोदा डैम पर चिड़िया खींचने वालों के लिए है. घर के फंक्शन में ये छोटी वाली ही काम आएगी."

मला वाटलं, हा आपले कपडे बघून साधा माल आपल्या गळ्यात मारतोय. म्हटलं, "बड़ी वाली ही दो." सोबत ट्रायपॉड घेतला, बिनवायरचा कॉलर माइक घेतला, कानावरचे हेडफोन घेतले. आणि सगळ्यात शेवटी एक खाकी जॅकेट घेतलं, ज्याला इतके खिसे होते की कशात काय ठेवलं ते मलाच सापडत नव्हतं. खरं सांगू? लेन्सपेक्षा मला ते जॅकेटच जास्त आवडलं होतं.

घरी आल्यावर गच्चीवर जाऊन लेन्स तपासली. बायकोला वर बोलावलं. "संगीता, त्या दूरच्या पाण्याच्या टाकीवर कावळा बसला हाय, पाह्य. डोळा दिसते का त्याचा?"

तिनं बघितलं. "दिसते. पन पल्लवी टाकीवर बसून साक्षगंध करनार हाय का?"

बायकांना तंत्रज्ञान कळत नाही, असं मी तेव्हा मनात म्हणालो होतो. हसू नका, पुढं ऐका.

साक्षगंधाचा दिवस उजाडला. ताईच्या क्वार्टरसमोरच्या गल्लीतच मंडप टाकला होता. फाटकापाशी स्टेज, त्यावर लाल सोफा. मुलाकडचे लोक गोंदियाचे, रेल्वेतले, सकाळच्या गाडीनं आले होते. मी खाकी जॅकेट घालून, टोपी घालून हजर. भाऊजींच्या कॉलरला माइक लावला, म्हणजे स्टेजवरचं सगळं बोलणं नीट रेकॉर्ड होईल आणि मला हेडफोनमध्ये ऐकूही येईल. मग स्टेजसमोर ट्रायपॉड रोवला, कॅमेरा चढवला आणि डोळा लावला.

पल्लवीच्या झुमक्यातला अर्धा मोती दिसला. तोही धुरकट.

थोडा मागं सरकलो. मोती स्पष्ट झाला. आणखी मागं सरकलो, तर एक कान आला. खुर्च्यांच्या रांगा ओलांडत जेवणाच्या टेबलांपर्यंत पोचलो, तेव्हा कुठं कपाळ ते हनुवटी एवढी पल्लवी मावली. आणि अंगठी तर बोटात घालायची असते. मंडप संपला, मी मंडपाबाहेर आलो, तरी नवरदेव काही चौकटीत येईना. शिवाय आता मध्ये सगळ्या पाहुण्यांची डोकी.

शेवटी गल्लीच्या टोकाला जो ब्लॉक आहे, त्याच्या गच्चीवर चढलो. कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर "इतक्या दूर कावून?" हा प्रश्न आला असता आणि लेन्स चुकली हे कबूल करावं लागलं असतं.

वरून मात्र कमाल दिसत होतं. सोफा पूर्ण, दोघं पूर्ण. ऊन पाठीवर कडक पडत होतं, म्हणून टोपीवरून गमछा तोंडाला गुंडाळला. एकच अडचण होती. खालच्या एका क्वार्टरच्या शेडचं टिन नेमकं चौकटीच्या मधोमध येत होतं. त्या अंगणात एक म्हातारी बडी, म्हणजे सांडगे, वाळत घालत होती. मी वरून आवाज दिला.

"अम्मा, ये टिन हटवाना पड़ेगा. बीच में आ रहा है."

तिनं डोळ्यावर हात धरून वर बघितलं. "का नापत हस गा?" काय मोजतोस रे, असं ती छत्तीसगढीत विचारत होती.

"पूरी लाइन ले रहा हूँ, अम्मा. जो-जो बीच में आएगा, सब हटेगा."

बडीचं ताट तिथंच टाकून म्हातारी घरात पळाली. किती समजूतदार बाई, असं मला वाटलं.

आता इथं तुम्हाला एक गोष्ट सांगायला पाहिजे. टाउनशिपची क्वार्टरं प्लांटची. घर तेवढंच राहतं आणि माणसं वाढत जातात. म्हणून ज्यानं त्यानं मागं टिनाचं शेड काढलेलं, पुढं गाडीला आडोसा केलेला. नियमात यातलं काहीच बसत नाही. त्यामुळं अतिक्रमण पाडणाऱ्यांची सगळ्यांना धास्ती. आमच्याकडं त्यांना 'तोडू दस्ता' म्हणतात. दस्ता यायच्या आधी त्यांचा सर्वेवाला येऊन मोजमाप करून जातो, एवढं इथल्या लेकराबाळांनाही माहीत असतं.

मलाही माहीत होतं. पण तेव्हा रेकॉर्डिंग सुरू केलं होतं आणि माझं सगळं लक्ष फोकसमध्ये.

हेडफोनमध्ये भाऊजींचा आवाज येत होता. "या, जयभीम, बसा. चहा घेतला का?" मग वंदना झाली. मग भाऊजींच्या कानाशी कुणीतरी घाईघाईनं बोललं.

"भाऊ, तोडू दस्त्याचा सर्वेवाला आला म्हनते. गच्चीवर चढून मशीन लावून राहिला."

"आज? रविवारी?"

"अम्माले त्यानं सोता सांगतलं. पूरी लाइन हटनार म्हने."

पोरीच्या साक्षगंधाच्या दिवशीच मुहूर्त सापडला का या माणसाला? म्हटलं, बघू तरी कुठल्या गच्चीवर आहे. एवढी लांब लेन्स घेतली कशासाठी? कॅमेरा स्टेजवरून फिरवला आणि एकेक ब्लॉक धुंडाळायला लागलो.

काय पळापळ चालली होती म्हणून सांगू! एक जण शेडवर चढून टिनं काढत होता. एक बाई शेडमधली म्हैस सोडून मैदानाकडं ओढत होती आणि म्हैस काही हलायला तयार नव्हती. मी पुढच्या ब्लॉककडं वळलो की तिकडंही तेच सुरू. घबराट नेमकी मी बघेन तिथंच होती, फक्त सर्वेवाला तेवढा दिसत नव्हता. मोठा चलाख माणूस दिसतो, असं मी मनात म्हटलं.

कानात तर वेगळाच गोंधळ. भाऊजी म्हणत होते, "मंडपाचे पडदे काढा रे, रस्ता मोकळा करा." मुलाचे वडील व्याह्यांना विचारत होते, "ईवाई, झालं काय? आमचं काही चुकलं का?" आणि मग ताईचा आवाज आला. "आधी अंगठ्या घालून घ्या. मंग त्याले काय पाडाचं ते पाडू द्या. दिन्या कुठी हाय? शूटिंग चालू हाय ना त्याचं?"

"असंन मांगं कुठी तरी," भाऊजी म्हणाले. "त्याचा फोनच लागून नाही राहिला."

फोन कसा लागेल? मी एका हातानं कॅमेरा फिरवत दुसऱ्या कानाला फोन लावला होता ना. कारण तेवढ्यात मला माझंच शेड आठवलं होतं. आमचं क्वार्टर तिथून काही गल्ल्या सोडून. मागं टिनाचं शेड आणि त्या शेडमध्ये संगीताचं ब्यूटी पार्लर. मोठा आरसा, फिरती खुर्ची, बाहेर बोर्ड. त्याच दिवशी सकाळी पल्लवीला तिथंच सजवलं होतं. ते वाचवायला मी आमच्या शेजारच्या साहूजींना फोन लावला. त्या शेडमुळं साहूजींच्या खिडकीत कितीतरी वर्षं ऊन आलं नव्हतं.

"साहूजी, सर्वेवाला घूम रहा है. सामान अंदर रखवाइए और हमारा शेड गिरा दीजिए. अभी के अभी."

"पूरा?"

"पूरा."

"पक्का बोल रहे हैं ना आप?"

"पक्का. टाइम नहीं है."

माझं काम इतक्या आनंदानं कुणी कधी अंगावर घेतलं नव्हतं.

फोन खिशात टाकला, हेडफोन पुन्हा नीट कानावर घेतले आणि कॅमेरा मंडपाकडं वळवला. अर्धा मंडप उतरला होता. मंडपातला प्रत्येक माणूस माझ्याकडं बघत होता. सगळ्यांच्या पुढं भाऊजी, चौकटीत इतके मोठे की मिशीवरचा घाम दिसत होता. त्यांनी हात जोडले होते.

"साहेब," कानात आवाज आला, "आज पोरीचं साक्षगंध हाय. आजचा दिवस सोडा. उद्या मी सोता पाडून टाकतो."

साहेब कुठं आहे ते बघायला मी मागं वळलो. मागं पाण्याची टाकी होती.

मग मी माझ्याकडं बघितलं. टोपी, खाकी जॅकेट, तोंडाला फडकं आणि समोर तीन पायांवर उभं केलेलं मशीन.

हळूच गमछा सोडला. उन्हामुळं भाऊजींना मला ओळखायला जरा वेळच लागला. मग कानात आलं, "अबे, हा तं आपला दिन्या हाय." त्याच्यापुढं ते जे बोलले ते इथं सांगता येत नाही. माइक मात्र फार चांगला होता, एक शब्दही सुटला नाही.

खाली आलो तेव्हा अंगठ्या होऊन गेल्या होत्या. ताईनं फक्त एवढंच विचारलं, "घेतलं ना तू?"

"पाहू," मी म्हटलं.

पाहुणे गोंदियाच्या गाडीनं गेले आणि संध्याकाळी ताईच्या टीव्हीला कॅमेरा जोडला. सगळे समोर बसले. टीव्हीवर सेक्टर दहाचं एकेक शेड येत होतं. काय स्पष्ट आलं होतं, ब्लॉकचे नंबरसुद्धा वाचता येत होते. आवाज मात्र स्टेजवरचा. "हात समोर कर बेटा," असं ऐकू आलं आणि चित्रात कुणाची तरी वाळत घातलेली बनियन. "घाल, घाल, लाजू नको." मग टाळ्या. टाळ्यांच्या वेळी म्हैस होती.

"अंगठी?" ताईनं विचारलं.

"आवाज आला ना, ताई."

तिनं मान खाली घातली. मला इतकं वाईट वाटलं की सांगता येत नाही. एकच गोष्ट मागितली होती तिनं, आणि मी तिला म्हैस दाखवली. भाऊजी रागावले असते तर बरं झालं असतं, पण त्यांनी नुसता टीव्ही बंद केला.

तेवढ्यात दारात साहूजी. खुशीत, अंगावर धूळ, हातात मोबाइल. "भैया, हो गया काम. साहब लोग पूछें तो सबूत रहे, इसलिए वीडियो भी बना लिया."

"कायचं काम?" संगीतानं मला विचारलं.

उत्तर मला द्यावं लागलं नाही. साहूजींनी मोबाइल मधोमध धरला. संगीताचं पार्लर. बोर्डपासून मागच्या भिंतीपर्यंत सगळं एका चौकटीत. आरसा आणि खुर्ची बाहेर निघाली, टिनं उतरली, लाकडी बल्ल्या पडल्या, शेवटी बोर्ड खाली आला, आणि साहूजींनी जवळ जाऊन बोर्डावरची अक्षरं घेतली. फोकस टकाटक. हात एकदाही हलला नव्हता.

संगीता माझ्याकडं बघत होती. मी जॅकेटच्या खिशात काहीतरी शोधायला लागलो.

ताईनं मोबाइल हातात घेतला, व्हिडिओ पहिल्यापासून परत लावला आणि शेवटपर्यंत बघितला. मग डोळे पुसले आणि म्हणाली, "साहूजी, पल्लवी की शादी में शूटिंग आप ही करना."