अच्युतरावांचा क्ष-वर्ग

नाव : अच्युत गजानन कोठारे. वय : अडतीस. राहणार : गिरगाव, दुसरा मजला, जिन्याला लागून. हुद्दा : कनिष्ठ कारकून, लाकडाची वखार, रे रोड. शिक्षण : मॅट्रिक नापास. वर्तणूक : समाधानकारक, संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाचे दिवस सोडून.

वखारीतली हेडक्लार्कची जागा जूनमध्ये रिकामी होणार होती आणि मालकांना तिथे मॅट्रिक पास माणूस हवा होता. म्हणून सत्तावन्न सालच्या मार्चमध्ये अच्युतराव पुन्हा परीक्षेला बसणार होते. अडचण बीजगणिताची, त्यातही बहुपदींच्या भागाकाराची. क्ष³ − ७क्ष + ६ ला क्ष − २ ने भागायचं, तर ते क्ष³च्या शेजारी थेट ७क्ष मांडत. मग −२क्ष² त्या ७क्षच्या खाली येई आणि अच्युतराव दोघांची बिनदिक्कत वजाबाकी करून टाकत.

पत्नी वासंतीबाई म्युनिसिपल शाळेत शिक्षिका.

"अहो, मध्ये शून्य क्ष-वर्ग लिहा."

"नाहीच, तर लिहायचं कशाला? वखारीत शिसवी नसलं तर आम्ही शिसवी लिहीत नाही."

"पण शिसवीच्या जागी सागवान येऊन बसत नाही ना!"

"गिऱ्हाईक बघून बसवतात."

तेवढ्यात बाहेर नळावर शेजारच्या सुभद्राबाई कडाडल्या, "माझी बालदी कोणी सरकवलीन गो?" वासंतीबाईंनी नवऱ्याला गॅलरीत नेलं.

"ती रिकामी बालदी त्यांनी कशाला ठेवली होती?"

"नंबर धरायला."

"रिकामीच होती ना? मग उचलली तर एवढं काय झालं?"

अच्युतराव कठड्याला टेकून बघत राहिले. मागचे सगळे एकेक जागा पुढे सरकले होते, कोणाची कळशी कोणाच्या नंबरावर याचा पत्ता नव्हता, आणि नळ नुसता वाहत होता. ते आत आले आणि त्यांनी क्ष³ आणि ७क्षच्या मध्ये ०क्ष² लिहिलं. भागाकार क्ष² + २क्ष − ३ आला. बाकी शून्य.

बीजगणिताचा पेपर त्यांना उत्तम गेला. भूगोलात मुंबई राज्याचा नकाशा काढायचा होता. द्वैभाषिक राज्य होऊन जेमतेम चार महिने झाले होते. घरी आल्यावर अच्युतरावांनी सांगितलं, "मुंबईसकट महाराष्ट्र काढला. रेखीव."

"आणि गुजरात?"

"ते राज्य आपण मानत नाही."

परीक्षकांना मानावं लागत होतं. अच्युतराव भूगोलात नापास झाले, आणि जूनमध्ये हेडक्लार्कच्या खुर्चीवर दुसरा माणूस बसला.