नगरचे बिनचहाचे दिवस

नगरला असताना मी दर सोमवारी घरी पत्र लिहायचो. सोमवार हा आमचा सुट्टीचा दिवस. कपडे धुवायचे, सायकलच्या चेनला तेल घालायचं, खोली झाडायची आणि पत्र लिहायचं. घरी फोन करायची परवानगी वर्षातून दोनदाच होती. त्यामुळे आईवडिलांना माझं जे काही कळायचं ते त्या निळ्या आंतरदेशीय पत्रातूनच, आणि मी या गोष्टीचा पुरेपूर फायदा घ्यायचो. ‘येथील लोक सत्यासाठी तहानलेले आहेत,’ असं मी पहिल्याच पत्रात लिहिलं. खरं तर तहानलेला मीच होतो, आणि तोही चहासाठी.

हे जरा आधीपासून सांगायला हवं. आम्ही मिरजेचे, जुने ख्रिस्ती. आई इस्पितळात नर्स, वडील रेल्वेत. पुण्यात कॉलेजला असताना माझी मॉर्मन पंथाच्या काही लोकांशी ओळख झाली आणि बघता बघता मीही त्यांच्यात गेलो. वडील म्हणाले, “अरे, आपण ख्रिस्तीच आहोत ना? मग आणखी काय व्हायचं राहिलंय?” मी त्यांना बराच वेळ समजावून सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “बरं. आता जेवून घे.” त्यांना पटलं, असं मी समजून चाललो. पुढे एकोणिसाव्या वर्षी मी दोन वर्षांसाठी प्रचाराला बाहेर पडलो आणि काही महिन्यांनी मला नगरला पाठवलं.

आमच्या पंथात दारू, तंबाखू, कॉफी आणि चहा वर्ज्य. दारूतंबाखूला मी कधी शिवलो नव्हतो, त्यामुळे त्यांचा त्याग मी मोठ्या उमदेपणाने केला. पण चहा! आमच्या घरी आईची ड्युटी बदलली की चहा, वडिलांची गाडी लेट झाली की चहा, आणि काहीच झालं नाही तरी चहा. चहा सोडल्याचं मी घरी कळवलं, तेव्हा आईचं उलट टपाली पत्र आलं : ‘चहा का सोडलास? कावीळ झालीय का? खरं काय ते लिही.’

प्रचारकांनी कायम जोडीनं राहायचं असा नियम होता. माझा जोडीदार आंध्रातला, माझ्याहून थोडासाच मोठा, पण नियमांच्या बाबतीत अगदी मुरलेला. पहाटे गजर वाजायच्या आत उठून तो माझ्या उशाशी उभा असायचा. आम्ही आपसात हिंदी-इंग्रजीची खिचडी बोलायचो. मराठीत त्याला एकच वाक्य पक्कं येत होतं : “चहा नको, धन्यवाद.” हे वाक्य मीच त्याला शिकवलं होतं, आणि तो ते इतकं ठणठणीत म्हणायचा की समोरचा माणूस अर्धा उठलेला खाली बसायचा.

पांढरा शर्ट, काळी पँट, टाय आणि खिशावर नावाचा बिल्ला, अशा थाटात आम्ही सायकलवरून नगरभर फिरायचो. लोक आमच्याकडे आदराने बघतात, असं मी घरी लिहिलं. लोक बघत होते हे खरं. सावेडीच्या रस्त्यावर एका डॉक्टरच्या कंपाउंडरनं आम्हाला औषध कंपनीचे एमआर समजून थेट आत नेलं. डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, “कुठली कंपनी?” जोडीदाराने प्रामाणिकपणे आमच्या पंथाचं लांबलचक इंग्रजी नाव पूर्ण सांगितलं. डॉक्टर म्हणाले, “नवीन दिसते. सॅम्पल आणलंय का?” जोडीदारानं त्यांना एक पत्रक दिलं. त्या सोमवारी मी घरी लिहिलं : ‘शहरातील एका नामांकित डॉक्टरांनी आमचे साहित्य स्वीकारले.’

ज्यांना पुढे आम्ही ‘सर’ म्हणायला लागलो, त्यांची भेट जामखेड रस्त्यावरच्या पंक्चरच्या दुकानात झाली. माझं टायर बसलं होतं आणि शेजारी एक गृहस्थ आपल्या लूनात हवा भरून घेत होते. शहराबाहेरच्या एका गावातल्या हायस्कुलात ते इतिहास शिकवायचे. आमचे टाय बघून त्यांनी चौकशी केली. मी सांगितलं, “आम्ही धर्माचा प्रचार करतो.”

“असं का?” त्यांचा चेहरा एकदम खुलला. “आम्ही बौद्ध. घरचं धर्मांतर झालेलं, त्यामुळे या विषयात आम्हाला फार गोडी. शनिवारी सकाळची शाळा असते. दुपारी या घरी.”

आतापर्यंत आम्हाला कुणी स्वतःहून घरी बोलावलं नव्हतं. मी शनिवारपर्यंत हवेतच होतो. सगळे धडे पुन्हा पाठ केले. आमच्याकडे घरोघरी सांगायचे धडे ठरलेले असत, आणि प्रत्येक धड्यात कुठे थांबायचं, कुठे प्रश्न विचारायचा, तेही ठरलेलं.

घर लहानसं, स्वच्छ, भिंतीवर बुद्धाची तसबीर. सर, त्यांच्या पत्नी म्हणजे बाई, आणि सरांची म्हातारी आई, असे तिघंजण आमची वाट बघत होते. म्हातारीनं माझ्या बिल्ल्याकडे बोट दाखवून विचारलं, “ह्ये काय लिवलंय?”

सरांनी नावाआधीची आमची प्रचारकांची पदवी वाचून सांगितली, “एल्डर. म्हणजे आपल्यात म्हणतात ना, तसं वडील. मोठा माणूस.”

म्हातारीने मला खालपासून वरपर्यंत निरखलं. माझ्या वरच्या ओठावर तेव्हा मिशीची नुसती तयारी चालली होती. “वडील? कुनाचे?”

मी धडा सुरू करायच्या बेतात होतो, तोच सरांच्या बाई चहा घेऊन आल्या. पितळी ट्रेमध्ये नव्या कोऱ्या कपबश्या. आलं घातलेल्या चहाचा वास माझ्या नाकात गेला आणि माझी पाठांतरं भराभर उडाली. पण जोडीदार सावध होता. त्याने हात जोडून ठणठणीत आवाजात म्हटलं, “चहा नको, धन्यवाद.” मग मलाही तेच म्हणावं लागलं.

बाई ट्रे हातात धरून तशाच उभ्या. सर खिडकीकडे बघायला लागले. शेवटी म्हातारी म्हणाली, आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, “आमच्या घरचा चालत न्हाई व्हय?”

हा प्रश्न मला माहीत होता. माझे आजोबा याच जिल्ह्यातल्या एका खेड्याच्या महारवाड्यातून मिशनच्या शाळेत गेले होते. त्यांच्यासाठी हॉटेलच्या बाहेरच्या कोनाड्यात वेगळी कपबशी ठेवलेली असायची आणि चहा पिऊन ती त्यांनी स्वतःच धुवून ठेवायची, हे वडिलांनी मला कितीदा तरी सांगितलं होतं. आणि आता त्यांचा नातू टाय लावून इथं बसून नव्या कपबशीला नको म्हणत होता. माझ्या धड्यांत याचं उत्तर कुठेच नव्हतं. मी तोंडाला येईल ते बोलत सुटलो. आजोबांचं सांगितलं, कोनाड्याचं सांगितलं, आमच्या पंथात चहा कुणाच्याच घरचा चालत नाही, आईच्या हातचासुद्धा नाही, हेही सांगितलं.

म्हातारीने सगळं ऐकून घेतलं. मग सरांकडे वळून म्हणाली, “म्हंजी आपल्यातलंच हाय की हे पोरगं.” आणि मला म्हणाली, “मंग तर लईच वंगाळ. आपलं असून चा घेत न्हाई.”

सर मोठ्यानं हसले. बाईही हसल्या. जोडीदाराला काहीच कळलं नव्हतं. तो मला कुजबुजत विचारत होता, “धडा पहिला झाला का?”

तेवढ्यात म्हातारी उठून मागच्या दारी गेली आणि आत येऊन काहीतरी उकळायला लागली. थोड्या वेळानं बाईंनी पुन्हा कप आणले. आत हिरवट, वाफाळतं पाणी. “गवती चहा आहे,” बाई म्हणाल्या, “हा तर चालेल?”

जोडीदाराने यातला नेमका ‘चहा’ हा शब्द पकडला आणि पुन्हा हात जोडले. मी त्याला म्हटलं, हा चहा नव्हे, हे गवत आहे. तो म्हणाला, “गवत? माणसांना?” आता आमच्यात तिथंच वाद सुरू झाला. मी म्हणत होतो नावात काय आहे, तो म्हणत होता नावातच सगळं आहे, मग आपण बिल्ला कशाला लावतो? शेवटी म्हातारीनं त्याच्या दंडाला धरून त्याला मागच्या दारी नेलं. न्हाणीघराच्या पाण्यावर वाढलेलं गवती चहाचं मोठं थोरलं बेट त्याला दाखवला, एक पात तोडून हातात दिली आणि तोंडाकडे खूण केली. तो बराच वेळ ती पात चघळत उभा होता. परत आला, कप उचलला, संपवला आणि मला इंग्रजीत म्हणाला, “याविरुद्ध नियम नाही.” मग त्याने आणखी एक कप मागितला.

त्यानंतर आम्ही दर शनिवारी सरांच्या घरी जायला लागलो. धडे सांगायला, अर्थातच. सर मन लावून ऐकायचे आणि मग असा एखादा प्रश्न विचारायचे की मला त्याचं उत्तर शोधायला पुढचा आठवडा लागायचा. एकदा ते म्हणाले, “आमचे वडील छप्पन साली बौद्ध झाले. तुमचे आजोबा त्याच्याही आधी ख्रिस्ती झाले. दोघांनी का धर्म बदलला ते आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. तुम्ही का बदललात, तेवढं सांगा. धड्यातलं नको, तुमचं सांगा.”

मी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणालो, “पुण्यात मी एकटा पडलो होतो, सर. खोलीत जेवायचो, खोलीत झोपायचो. ते लोक भेटले. त्यांनी माझं नाव लक्षात ठेवलं.”

सरांनी मान हलवली. “हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतंत तर बरं झालं असतं,” ते म्हणाले. “यावर माझ्याकडे प्रश्न नाही.”

त्या सोमवारी मी घरी लिहिलं : ‘एक सुशिक्षित कुटुंब अत्यंत आस्थेने माझी शिकवण ऐकत आहे. फळ जवळ आले आहे.’ सरांच्या गावाचं आणि शाळेचं वर्णनही मी हौसेनं केलं होतं. आईनं त्या वर्णनावरून थेट हायस्कुलाच्या पत्त्यावर सरांना कार्ड टाकलं. पुढच्या शनिवारी सरांनी ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. ‘सप्रेम सलाम. माझा मुलगा आपल्याकडे येतो असे लिहितो. तो खरे काय ते कळवत नाही. तो वाळला आहे का? त्याचे डोळे पिवळे दिसतात का? कृपया बघून कळवावे.’

म्हातारीनं लगेच मला उजेडात बसवलं आणि माझ्या पापण्या खाली ओढून डोळे तपासले. “न्हाई, पांढरं हायेत,” तिने निकाल दिला. सरांनी त्याच दिवशी उत्तर पाठवलं. त्यातलं वाक्य आईनं मला पुढच्या पत्रात शब्दशः उतरवून धाडलं : ‘आपला मुलगा धर्म बरा सांगतो, पण बाजरीची भाकरी त्याहून चांगली खातो. काळजी नसावी.’ खाली वडिलांनी स्वतःच्या हाताने दोनच शब्द लिहिले होते : ‘ऐकून समाधान.’ त्यांना नेमकं कशाचं समाधान वाटलं, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

यानंतर माझ्या पत्रांची पार रयाच गेली. मी काहीही लिहिलं की आईकडे सरांचं कार्ड आधीच पोचलेलं असायचं. मी ‘किंचित थकवा आहे’ असं लिहावं, तर सरांनी कळवलेलं असायचं की चिरंजीव सायकलवरून ओढ्यात पडले, टाय फाटला, बाकी ठीक. सरांच्या बाई आणि आई यांच्यात तर लोणच्यांपासून गुडघेदुखीपर्यंत सगळा पत्रव्यवहार सुरू झाला. मी दोघींमधलं निव्वळ निमित्त होऊन बसलो.

पावसाळा सरत आला आणि मला बंगळूरला जायचा आदेश आला. शेवटच्या शनिवारी मी सरांना विचारलं, “सर, इतके दिवस तुम्ही ऐकलंत. तुम्हाला काही पटलं का?” हा प्रश्न धड्यातच होता, शेवटच्या पानावर.

सर म्हणाले, “तुम्ही पटलात. धर्म आमचा आम्हाला बरा आहे.”

मी हे उत्तर जोडीदाराला इंग्रजीत सांगितलं. तो विचारात पडला. आमच्या साप्ताहिक अहवालात यासाठी रकानाच नव्हता.

मग बंगळूर, मग आणखी दोन गावं, आणि दोन वर्षं पुरी करून मी मिरजेला परतलो. इतक्या दिवसांत माझ्यामुळे कुणी पंथात आलं का, असं लोक विचारायचे, तेव्हा मी तिथल्या हवामानाबद्दल बोलायला लागायचो. पुढे नोकरी लागली, चार-पाच वर्षांनी लग्न ठरलं. पाहुण्यांची यादी आईनं केली आणि त्यात नगरचं कुटुंब माझ्या मामांच्याही वर होतं.

ते तिघंही आले, रात्रभर एसटीत बसून. मंडपात आमच्या पंथाचे पुण्याहून आलेले एक मोठे पाहुणे म्हातारीशेजारी बसले होते. त्यांनी आदबीनं विचारलं, “आजी, तुमची या घराशी ओळख कशी?”

“ह्यो नवरदेव आमच्याकडं धर्म सांगाया यायचा,” म्हातारी म्हणाली.

पाहुणे सरसावून बसले. “असं? मग?”

“मंग काय. पोरगं चांगलं हुतं, म्हनून आमी ऐकून घ्यायचो.” आणि पंगत कधी बसणार म्हणून ती माझ्या आईला शोधायला निघून गेली.