बहरीन अम्मा

बहरीनहून रजेवर निघालेल्या माणसाच्या बॅगेत दुसऱ्यांचं सामान असायचंच. माझ्या बॅगेत जरा जास्तच, कारण मी वजन करून, नावं चिकटवून, ज्याचं त्याला पोचवते अशी हॉस्पिटलभर ख्याती होती. त्या वर्षी मात्र माझ्या वॉर्डातल्या मल्याळी नर्स मैत्रिणीने मला एक प्रश्न पोचवायला दिला.

तिची मुलगी दीड वर्षाची असल्यापासून केरळात, वर्कल्याला आजीकडे वाढत होती. आता नऊ वर्षांची झाली होती. फॅमिली व्हिसा मिळाला होता, शाळेत जागाही.

"पत्रात ती आजी सांगेल तेच लिहिते," मैत्रीण म्हणाली. मी मोठी म्हणून ती मला चेची, म्हणजे ताई म्हणे. "चेची, तू समोर बसवून विचार, येशील का म्हणून. उत्तर कॅसेटवर आण. तिच्या आवाजात."

तिथे आम्ही दोघींनी मिळून जायचं किती वर्षं नुसतं घाटत होतं; पण एका वॉर्डातल्या दोघींना एकदम रजा मिळत नसे. शेवटी मी वसईहून एकटीच गाडीत बसले.

आमच्या वसईत समुद्र पायाच्या पातळीवर भेटतो. इथे माडांतून चालता चालता जमीनच संपली आणि समुद्र एकदम खाली दिसला. लाल जांभ्याचा उभा कडा, त्यातून पाझरणारे झरे, खाली वाळूवर पितरांना पिंड देणारी माणसं. मुलगी दगडात खोदलेल्या पायऱ्यांवरून अनवाणी धावत उतरली. मी कड्याला हात लावत, बसत-उठत.

"आंटी, तुमच्या बहरीनमध्ये डोंगर नाही?" तिने शाळेतल्या इंग्रजीत विचारलं.

"एक आहे. पण चढल्याचं कळत नाही."

ती खूप हसली. झऱ्याच्या पाण्याने पाय धुताना मी तिला विचारून टाकलं.

"अम्माला सोडून कशी येऊ?" ती म्हणाली. अम्मा म्हणजे आजी, हे कळायला मला क्षण लागला.

"आणि तुझी आई?"

"ती बहरीन अम्मा. तिला म्हणावं, तूच इकडे ये."

घरी आल्यावर मी टेपरेकॉर्डर पुढे ओढला. आलेली कॅसेट ऐकायची, तिच्यावरच उत्तर भरायचं आणि परत पाठवायची, अशी सगळ्यांचीच रीत होती. म्हणून मी कोरी कॅसेट नेलीच नव्हती. मुलीने झटकन आतली, आईकडून आलेली कॅसेट काढून फ्रॉकच्या खिशात घातली.

"ही नाही. यात कुकरची शिट्टी होते आणि ती दचकून हसते. ते पुसलं जाईल."

आजीने डोळे वटारले, मल्याळममध्ये बरंच काही सुनावलं. मुलगी खिशावर हात ठेवून उभीच.

परत आले तेव्हा मैत्रीण विमानतळावर हजर होती. टॅक्सीने तिने मला थेट नईम वस्तीत नेलं. मी रजेवर असताना तिने आणि तिच्या नवऱ्याने तिथे दोन खोल्यांचं घर भाड्याने घेतलं होतं. मागच्या खोलीत लहान पलंग, फुलाफुलांचा पडदा, अभ्यासाचं टेबल.

"बस. काढ कॅसेट."

"दिली नाही तिने." मग मी सगळं सांगितलं. मला वळणं घेऊन सांगता येत नाही.

"मला काय म्हणते?"

"बहरीन अम्मा."

तिने नीट असलेली चादर पुन्हा नीट केली. "दुसरी खोली मिळेपर्यंत थांबले गं. एका खोलीत पोर कुठे ठेवायची? तेव्हा लहान होती, कोपऱ्यातसुद्धा झोपली असती." मग म्हणाली, "खलास." कुकरचं मी पुन्हा सांगितलं. त्यावर ती हसली नाही.

त्या खोलीचं भाडं दोघांना जड जात होतं आणि मला जागा हवीच होती. पुढच्या महिन्यात मीच तिथे राहायला गेले. लहान पलंग काढून मोठा टाकला. पडदा मात्र तिने काढू दिला नाही.