कणगीतलं मशीनचं डोकं

नारायणरावांनी तिसऱ्यांदा चहा सांगितला तेव्हा मी घड्याळ बघितलं. पाच वाजून दहा मिनिटं. डिसेंबरातला दिवस. पावणेसहाच्या सुमारास सूर्य बुडणार होता.

मी कोर्टाचा बेलीफ. कोर्ट निकाल देतं, त्याप्रमाणे वस्तू प्रत्यक्ष ताब्यात घेऊन द्यायचं काम बेलीफाचं. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. वॉरंट घेऊन मी एसटीनं वरवट बकालला उतरलो आणि बैलगाडीनं या खेड्यात आलो. सोबत शांता नावाची पंचविशीतली बाई आणि तिचे वडील. नवऱ्यानं तिला माहेरी आणून सोडलं होतं आणि लग्नात तिला मिळालेल्या वस्तू, म्हणजे तिचं स्त्रीधन, सासरी ठेवून घेतलं होतं. तिनं दावा लावला आणि जिंकली. यादीत पितळेची भांडी, पलंग, सोन्याची पोत आणि पायानं चालवायची शिलाई मशीन होती.

सासरे नारायणराव मोठे जमीनदार. बोलायला गोड. गावातल्या रस्त्यांपासून कापसाच्या भावापर्यंत सगळं बोलून झालं, पण उठायचं नाव नाही. शांताचा नवरा खांबाला टेकून उभा होता.

ते चहा पाजून वेळ का काढत होते, ते मला ठाऊक होतं. डिक्रीच्या, म्हणजे कोर्टाच्या हुकमाच्या, वसुलीसाठी सूर्यास्तानंतर राहत्या घरात शिरता येत नाही, असा कायदाच आहे. आज राहिलं, तर उद्या सकाळी काहीच हाती लागणार नव्हतं.

मी कप खाली ठेवला आणि वॉरंट वाचून दाखवलं. पलंग, भांडी निघाली. भांड्यांवर शांताच्या वडिलांचं नाव घातलेलं होतं, त्यामुळे वाद झाला नाही. पोत मोडली म्हणाले. मशीनचं नुसतं स्टँड ओसरीत होतं. त्यावर पाण्याची घागर ठेवलेली.

"डोकं कुठे आहे?" मी विचारलं.

"मलकापूरले दुरुस्तीले देलं हाये, साहेब," नारायणराव म्हणाले.

दुकान कोणतं, पावती कुठे, हे विचारलं तर त्यांनी पुन्हा चहाचंच काढलं. मग मी खोल्या बघायला निघालो. शेवटच्या खोलीच्या दाराशी ते आडवे झाले.

"आत बाळंतीण हाये. माही पोरगी, कमल. आठवा दिवस. तुमाले आत जाता येनार नाही."

खोटं नव्हतं, आतून तान्ह्या बाळाचं रडणं येत होतं. खोलीत बायका असतील तर त्यांना आधी बाहेर निघायला सवड द्यावी लागते. पण आठ दिवसांच्या बाळंतिणीला थंडीत बाहेर काढा, असं कोणत्या तोंडानं सांगायचं? दाराबाहेर माणसं जमली होती. त्यात एक काठीवाला होता. माझ्यासोबत पोलीस नव्हता.

शांता माझ्याजवळ आली. हळूच म्हणाली, "साहेब, भांडे राहू द्या वाटलं तर. मशीन पाह्यजे. भावाच्या घरी किती दिवस आयत्या ताटावर बसू?"

तेवढ्यात गावची दाई, सखूबाई, रोजच्यासारखी बाळाला तेल लावायला आली. मी तिला तिथेच पंच केलं. पंच म्हणजे बघणारा साक्षीदार. पुरुष आत जाणार नाही, सखूबाई आणि शांता जातील, असं मी सगळ्यांसमोर सांगितलं. नारायणरावांना हरकत घ्यायला जागा उरली नाही. दाई तर रोजच आत जात होती.

दोघी आत गेल्या. उन्हं समोरच्या कडुनिंबाच्या शेंड्यावर गेली. मग धान्याच्या कणगीतली ज्वारी सांडल्याचा आवाज आला. शांता जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं जड बोचकं घेऊन बाहेर आली. तिचे हात कोपरापर्यंत धुळीनं पांढरे झाले होते. मी डोक्याखालचा नंबर यादीशी ताडून पाहिला. तोच होता.

नारायणरावांचा आवाज पहिल्यांदा बदलला. "कोनं सांगतलं तुले?"

शांता शांतपणे म्हणाली, "चार वर्सं याच कणगीतून ज्वारी काढली म्या. खळं व्हायच्या आधी ते इतकी वर कधीच भरत नाही."

जमलेल्यांतलं कुणीतरी हसलं. काठीवाला निघून गेला. सूर्य टेकायच्या आत मी पंचनाम्यावर सह्या घेतल्या.

परतीच्या वाटेवर, गाव मागे पडल्यावर शांता बोलली. कणगीचा अंदाज वगैरे काही नव्हता. बाळाला पाजता पाजता कमलनंच नुसत्या डोळ्यांनी कणगी दाखवली होती. तिच्याही लग्नात सोनं घातलं होतं, आणि ते तिच्या सासूच्या पेटीत होतं.

दुसऱ्या दिवशी नाझरसाहेबांनी, म्हणजे आमच्या वरिष्ठांनी, रिपोर्ट वाचला.

"मशीन कणगीत आहे हे कळलं कसं?"

"डिक्रीदार बाईंचा अंदाज, साहेब."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि सही केली. पोतीसाठी शांताला आणखी दीड वर्ष कोर्टात खेटे घालावे लागले. शेवटी किंमत मिळाली, पोत नाही. मशीन मात्र त्याच आठवड्यात चालू झाली.

बेलीफानं रिपोर्टात खोटं लिहू नये, असं आम्हाला शिकवलेलं. मी खोटं लिहिलं नाही. मशीन कणगीत मिळाली, एवढंच लिहिलं. कमलला त्या घरात अजून महिनाभर राहायचं होतं.