तहानेले फादर

आमच्या वाडीत फादर कुणाच्याही दारात आले की आधी पाणी मागायचे. "वायच पाणी देशात?" नमस्कार-चमत्कार त्यानंतर. आई म्हणायची, "ह्या माणसाच्या पोटात काय रांजण आसा?" वेंगुर्ल्याकडचे, किडकिडीत, पांढऱ्या झग्याच्या कडेला कायम लाल माती लागलेली. मालवणच्या बाजारातून परत येईपर्यंत वाटेवरच्या निम्म्या घरांचं पाणी त्यांच्या पोटात गेलेलं असे.

आमच्या ओटीवर त्यांच्यासाठी वेगळा काचेचा ग्लास होता. पाण्याबरोबर गूळ द्यायला आई कधी विसरली नाही, पण ग्लास वेगळा तो वेगळाच. फादरांना कळत नव्हतं असं थोडंच? पाणी पिऊन ते तो स्वतः विसळत, फळीवर उपडा घालत आणि म्हणत, "वैनीनू, माझो ग्लास बरो. कोण चोरूचो नाय." आई कानकोंडी व्हायची. शेवटी एक दिवस तिने त्यांच्यापुढे आमचंच तांब्याभांडं ठेवलं आणि ग्लास फुटला म्हणून सांगितलं. "अरेरे, बरो होतो," म्हणून फादर मनापासून हळहळले.

पण त्यांची खरी तहान माडांपलीकडच्या घरात होती. तिथे माझी सुलूआत्या राहायची, बाबांची धाकटी बहीण. तिने रापणीचं जाळं ओढणाऱ्या एका ख्रिश्चन माणसाशी लग्न केलं आणि बाबांनी तिच्याशी बोलणं टाकलं. नवरा आजारपणात गेला, तरी टाकलेलंच. तिने बाप्तिस्मा घेतलेला नव्हता, म्हणून चर्चमधली माणसंही तिला जरा लांबूनच ओळखायची. फादर मात्र तिच्या पायरीवर बसून पाणी पीत, गप्पा मारीत. "तिका इगर्जीत कधी आणतलात?" असं चर्चमधल्या कुणीतरी विचारलं तेव्हा म्हणाले, "माका पाणी मिळता. तेवढा पुरे."

मी एकदा त्यांना या पाण्याचं कोडं विचारलंच. ते हसले. "बायबलात आसा, आमच्या सायबान विहिरीर एका परजातीच्या बायलेकडे पयला पाणी मागल्यान, मगे तो बोललो. मागणारो वायच खाली बसता गो. मगे समोरचो मोकळेपणान बोलता."

बाबांना खात्री होती, हे आज ना उद्या सुलूचा विषय काढणार. ते उत्तर तयार ठेवून बसायचे. फादर बोलायचे काजूच्या मोहरावर, मासळीच्या भावावर. बाबांचं उत्तर तसंच पडून राहायचं. एकदाच काय ते फादर निघताना म्हणाले, "तुमच्या भयणीच्या बावीचा पाणी गोड आसा. तुमी प्यालात कधी?" बाबा "ऊन वाढला" म्हणून आत निघून गेले.

चतुर्थीला आमच्याकडे आरती सुरू झाली की आत्या आपल्या घरापुढच्या खळ्यात येऊन उभी राहायची. संपेपर्यंत हात जोडून. मला फार वाईट वाटायचं, आणि बाबांचा रागही यायचा. तिकडे पाठ करून ते झांजा मात्र जोरात वाजवायचे.

गेल्या उन्हाळ्यात फादरांची बदली झाली. निरोप घ्यायला ते आले आणि सवयीने म्हणाले, "वायच पाणी देशात?" आई उठली. बाबांनी तिला हाताने थांबवलं. मग पायांत चपला सरकवून म्हणाले, "हंय नको, फादर. चला, सुलूकडे जाऊया."

मी मागोमाग गेले. आत्या अंगणात आमसुलं वाळत घालत होती. भावाला पाहून तिने ओले हात पदराला पुसले, पुन्हा पुसले. बाबा पायरीवर बसले. मग म्हणाले, "सुलू, वायच पाणी दी गो."

तिने दोन भांडी आणली. फादरांनी आपलं भांडं हळूच बाजूला सारलं. "माका आज तान नाय. तुमी पिया."

बाबांनी आपल्या भांड्यातलं पाणी घटाघटा संपवलं. आत्या दाराची चौकट धरून बघत होती.

"दादा, आणखी व्हया?"

बाबांनी मान वर न करता रिकामं भांडं पुढे केलं.