नेदरलँडची फुली

नजरेनं दोनच गोष्टी ओळखाव्यात, उतरवायला आलेला गूळ आणि वर्ल्डकप नेणारा संघ, बाकी सगळं थोतांड, असं छातीठोकपणे मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. पन्हाळ्याच्या वाटेवरच्या त्यांच्या गावात सगळेच त्यांना मामा म्हणतात. चाळीस वर्षं ते गुऱ्हाळावर गुळव्या होते. काहिलीत उसाचा रस उकळत असताना ती कोणत्या क्षणी चुलवाणावरून उतरवायची, हे सांगणारा माणूस म्हणजे गुळव्या. जरा आधी उतरली तर गूळ पातळ, जरा उशीर झाला तर करपला, आणि ऊस आणणाऱ्याची वर्षाची मेहनत मातीत. मामा वाफेत तोंड घालून बुडबुडे बघत उभे राहायचे आणि एकदाच म्हणायचे, "हं, घ्या." दुसऱ्यांदा विचारलं तर शिवी हासडायचे. शिवीसुद्धा एकदाच.

हीच नजर त्यांनी क्रिकेटला लावली होती. टीव्हीचा आवाज ते कायम बंद ठेवत. "ते बडबडणारं काय सांगतंय? त्येला डोळं न्हाईत, म्हणून तोंड दिलंय," असा त्यांचा निकाल. बॅट्समनकडे बघायचंच नाही. ज्याच्याकडे चेंडू येत नाही तो कसा उभारलाय, खांदे कुठं आहेत, हात कमरेवर आहेत का गुडघ्यावर, तेवढं बघायचं. वर्ल्डकप जवळ आला की सगळ्या संघांची पेपरातली यादी ते सोप्यातल्या भिंतीवर चिकटवत, अर्धा गाव समोर जमे, आणि मामा चुलीतला कोळसा हातात घेऊन एकेकाची लायकी काढत. इंग्लंड? "उकळी लई, पाक न्हाय." न्यूझीलंड? "मंद आच. शेवटपतूर टिकंल, पर रंग यायचा न्हाय." पाकिस्तान? "कवा उतू जाईल सांगता येत न्हाय, लांब उभारा." दक्षिण आफ्रिका? "समदं झ्याक हुतंय की वो, आन् उतरवायच्या टायमाला हात थरथरतोय." आणि ऑस्ट्रेलियाचं नाव निघालं की स्वतःचाच ऊस जळाल्यासारखं तोंड करून म्हणत, "त्येंच्या चुलवाणावर कोण बसलाय कुणाला ठावं. जाळ कवा कमीच हुईत न्हाय." जो कप नेणार नाही त्याच्यावर काळी फुली. अंदाज किती खरे ठरले ते विचारू नका. चुकलेले सगळे विसरायचे, एवढा मोठेपणा गावानं दाखवला होता.

गेल्या वर्ल्डकपलाही असाच बाजार भरला होता. मामा उठले, कोळसा उचलला, म्हणाले, "पयला सगळ्यात हलका काढू," आणि त्यांनी ठसठशीत फुली मारली. भारतावर.

सोप्यात एकदम कालवा उठला. "मामा, येड लागलंय काय?" "अवो, आपल्यावर मारलीसा!" मामांचा चेहरा क्षणभर पांढरा पडला. मला वाटलं आता हसतील, पुसून टाकतील. पण त्यांनी कोळसा खाली ठेवला, हात झटकले आणि म्हणाले, "मारली म्हंजे मारली. मला दिसलं त्ये मी सांगितलं." लोक शिव्या घालत उठून गेले. मी गाडी काढायला बाहेर आलो, तर मामा भिंतीला हात लावत लावत मागं आले आणि त्यांनी माझं मनगट धरलं.

"पावणं, मला नेदरलँडवर मारायची हुती. कुठं पडली वो फुली?"

दुसऱ्याच दिवशी त्यांना कोल्हापुरात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू. गेलेली नजर येत नाही, उरलेली किती राहील सांगता येत नाही. परतताना मामा एवढंच म्हणाले, "कुणाला बोलू नगासा. दिवाळी झाली की काहिलीवर उभारायचं हाय." आणि मी, शिकलासवरलेला माणूस, गप्प बसलो. लाज वाटते सांगायला.

भारत जिंकत गेला. प्रत्येक विजयानंतर कुणीतरी खवचटपणे मामांच्या दारात पेढे आणून ठेवी. मामा ते मुकाट्यानं खात, आणि खरं सांगतो, आनंदानं खात. हा कप भारतानंच न्यावा, मग गाव आपल्याला खुळा म्हणो, असं त्यांना मनापासून वाटत होतं. फायनलला आम्ही दोघंच होतो. आवाज नेहमीसारखा बंद, आणि मी त्यांच्या कानाशी सांगतोय. डाव हातातून निसटायला लागला तसं त्यांनी विचारलं, "आपली कशी उभारल्यात?"

"खांदे पडलेत, मामा."

"जरा खोटं बोला की, पावणं."

मला जमलं नाही. आपण हरलो.

आणि दुसऱ्या दिवशी सगळा गाव मामांच्या दारात! जे शिव्या घालून गेले होते तेच पाया पडू लागले. काय ती नजर! अकरा माणसांच्या आतलं दिसलं या म्हाताऱ्याला! गुऱ्हाळाचे मालक स्वतः नारळ घेऊन आले. "मामा, उद्या पयली काहिल. ही नजर असताना दुसरा गुळव्या कशाला हुडकू?"

मामांनी नारळ घेतला नाही. म्हणाले, "ती फुली चुकून पडली. मला दिसत न्हाय." सगळे खो खो हसले. म्हणे, थोर माणूस असंच बोलतो. मामा दोनदा बोलले, तीनदा बोलले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एक गोष्ट तीनदा सांगितली. शेवटी मालकांनी हसत हसत दोन बोटं त्यांच्यासमोर धरली. "ही किती, सांगा बगू."

मामांनी मान इकडं केली, तिकडं केली. बराच वेळ बघत राहिले.

"हात कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

कुणी हसलं नाही. मालकांनी नारळ हळूच सोप्याच्या कडेला ठेवला. "लोकाचा ऊस हाय, मालक," मामा म्हणाले. "करपला तर मी कुठं फेडू?" आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजले.

हल्ली ते कोल्हापुरात आमच्याकडेच असतात. सकाळी चहा उकळत असला की स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहतात आणि आवाजावरून "हं, घ्या" म्हणतात. बायको बिचारी मुकाट्यानं घेते, कच्चा असला तरी. मॅच असली की टीव्हीचा आवाज एवढा मोठा ठेवतात की शेजारी दार वाजवतात. तरी मध्येच माझ्याकडे वळून विचारतात, "आपली कशी उभारल्यात?"

"ताठ," मी सांगतो. नऊ गडी बाद झालेले असले तरी.

मामा समाधानानं मान हलवतात. आवाजावरून त्यांना सगळं कळलेलं असतं.